डिफेन्सची नावं पाठ झाली, तरी आत काही हलत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील गेले, रामकुंडावरचे विधी, नंतर बँक, वारसनोंद सगळं तुम्ही एकट्याने निस्तरलं, डोळ्यातून टिपूस नाही. आता सातपूरला कंपनीत ज्युनिअर पोरावर खेकसता, मिसेस म्हणतात तुम्ही दगड झालात. डिफेन्स मेकॅनिझमवर, म्हणजे त्रासदायक भावनेपासून मन स्वतःला कसं वाचवतं त्यावर, इतकं वाचलंय की पोरावरचा राग म्हणजे डिस्प्लेसमेंट (एकीकडची भावना दुसरीकडे काढणं) हे तुम्हीच लिहिलंय, पण फरक काही पडत नाही.

माझं मत सरळ सांगतो. नावं देत बसणं हाच सध्या तुमचा सगळ्यात पक्का डिफेन्स आहे. त्यालाही नाव आहे, इंटेलेक्चुअलायझेशन, म्हणजे भावनेचा विषय निघाला की तिचा अभ्यास सुरू करायचा, मनोविश्लेषक ॲना फ्रॉइडने १९३६च्या पुस्तकात यावर लिहून ठेवलंय. पण ते नावही आता यादीत घालू नका प्लीज.

त्यापेक्षा वळण पकडायला शिका. समजा मिसेसनी विचारलं, बाबांचा चष्मा कपाटातच आहे, काय करायचं त्याचं, आणि तुम्ही म्हणालात, लाइटबिल भरलं का? तर या दोन वाक्यांच्या मधे जे झालं ते हवंय आपल्याला. घसा आवळला का, छातीत काही झालं का, उठून जावंसं वाटलं का. त्याच दिवशी वहीत लिहा, साध्या मराठीत, एकही टेक्निकल शब्द न वापरता.

दुसरं, सीबीटीमधला (विचार आणि वागणं तपासत करायच्या मानसोपचारातला) डाउनवर्ड ॲरो, म्हणजे एका विचारातून खालच्या विचाराकडे उतरत जाणं. एक विचार घ्यायचा आणि विचारत जायचं, हे खरं असलं तर माझ्यासाठी त्यात इतकं वाईट काय? पोराने ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन लावली. मग काय? जॉब रिजेक्ट झाला. मग? साहेब म्हणतील याचं लक्ष नाही. मग? माझ्याकडून सांभाळलं जात नाहीये. मग? आणि आता विचारायला बाबा नाहीत. तुमची साखळी वेगळी निघेल, पण असं एखादं वाक्य येईल की पेन थांबेल, तिथे थांबा, पुढचा प्रश्न नको.

इथे बरेच जण गडबड करतात. सीबीटी रुजवणाऱ्या ॲरन बेकच्या पद्धतीत विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा लिहायचा असतो, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पद्धतीत (आपल्याकडे कि. मो. फडक्यांमुळे जी विवेकनिष्ठ उपचार म्हणून माहीत झाली) अविवेकी समजुतीला आव्हान द्यायचं असतं. 'मी अगदीच निकम्मा आहे' यावर ते जरूर करा. पण 'बाबा नाहीत' हा काही चुकीचा विचार नाहीये, ते खरंच नाहीत, त्याला तुम्ही लॉजिकने खोडायला गेलात तर 'जन्माला आला तो जाणारच' वगैरे लिहून मोकळे व्हाल आणि वही परत कोरडीच.

डिफेन्स फोडायचा पण नाही हं. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंटने डिफेन्सेस अपरिपक्व ते परिपक्व असे लावले त्यात जाणूनबुजून भावना बाजूला ठेवणं परिपक्वमधे येतं, आणि त्या पहिल्या दिवसांत तुम्ही ते केलंत म्हणून घर उभं राहिलं, ते खूप मोठं काम होतं. प्रश्न एवढाच की काम संपलं तरी पहारा उठलेला नाही.

तो उठवायला मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकरची लिहिण्याची पद्धत करून बघा, १९८६च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं होतं. शुद्धलेखन बघायचं नाही, हात थांबवायचा नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहिल्यावर थोडा वेळ जड वाटतं ते नॉर्मल आहे, पण झोप उडाली, दारू वाढली किंवा जगावंसं वाटेना तर वही तिथेच बंद आणि १४४१६ला फोन, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

तसंही एकदा काउन्सेलरकडे जाच, नाशकात आता चांगली माणसं आहेत. फक्त बसल्या बसल्या त्यांना सांगून ठेवा की मी बाबांचं आजारपण तारखांसकट रिपोर्टसारखं सांगायला लागलो की मला मधेच थांबवा आणि आत्ता घशात काय होतंय ते विचारा.