लॉनवरच्या छत्र्या आणि रोयणीची अळमी

ताई, पर्वरीच्या सोसायटीच्या लॉनवर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्यांचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, सासूबाई म्हणतात ती अळमी (गोव्यात मशरूमला म्हणतात ती) हीच का, आणि आज तिची शाकुती (भाजलेल्या मसाल्याचं कालवण) करू का. करू नका. वरून काढलेल्या फोटोवरून कोणी अळमी ओळखून दिली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

सासूबाई म्हणतात ती रोयणीची अळमी. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. वाळवी आत पालापाचोळ्यावर बुरशी पोसते आणि पावसाळ्यात तीच बुरशी वर डोकं काढते. म्हणून आमच्या सत्तरी तालुक्यात अळमी शोधत नाहीत, रोयण ठाऊक असते. आई बोटांनी माती हळूच बाजूला सारायची. देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांब आत गेलेला, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा. देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी दिसली तर ती हात न लावता सोडायची. अमानिटा गटातल्या विषारी अळमीला तशी वाटी असते, आणि वरूनच खुडलं तर ती मातीत राहते, दिसतच नाही.

लॉनवर येते त्यात एक हिरव्या बीजाणूंची (बियांसारख्या बारीक भुकटीची) जात असते. फसवी बाई! कोवळी असताना टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्याच, हिरवट छटा नंतर येते. फोंड्यात खोली घेऊन राहायचो तेव्हा मागच्या गवतातल्या तिच्या कळ्या मी तुपावर परतून खाल्ल्या. दोन तासांत उलट्या आणि जुलाब, रात्रभर. टोपी काचेवर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली असती तर सकाळी बीजाणूंचा हिरवट ठसा दिसला असता. (नुसता ठसा हिरवा नाही म्हणून खायची, असंही नाही. अमानिटाचा पांढरा पडतो.)

मी स्वस्तात सुटलो. जीवघेण्या अमानिटाचा त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. शिजवून ते विष जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का, किडे खातात का, या परीक्षा सोडा. शंका आली तर उलटीची वाट न बघता १०८, आणि उरलेली कच्ची अळमी कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये ती कुजते.

खायचीच असेल तर पावसात रस्त्याकडेला सागाच्या पानांत घेऊन बसणाऱ्या, दरवर्षीच्या ओळखीच्या बाईकडून घ्या. महाग असते, श्रावणात तर विचारू नका. स्वतः काढायला म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात शिरू नका, तिथून काही काढणं कायद्याने बंद आहे. कोणाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) बोलावणं आलं तर रोयण फोडू नका आणि उमललेल्या चारदोन तिथेच ठेवा. आई म्हणायची, ती रोयणीची.