.३७५ चा धक्का आणि बिघडलेला नेम

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बरीच वर्षं .३०८ विंचेस्टर या मध्यम काडतुसाची रायफल आरामात चालवली. आता .३७५ एच अँड एच मॅग्नम या मोठ्या, जड धक्क्याच्या काडतुसाची रायफल घेतली, पहिल्याच दिवशी बाकावर बसून वीस गोळ्या झाडल्या, खांदा काळानिळा पडला आणि शेवटच्या पाच गोळ्या कागदभर विखुरल्या. आता जाड रिकॉइल पॅड (खांद्याला टेकणारी रबरी गादी) लावू की मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू वळवणारा तुकडा), असं विचारताय. काहींनी तुम्हाला "सोसा, सवय होईल" असं सांगितलं आहे.

तो सल्ला कृपा करून ऐकू नका. मी तो ऐकला होता. मोठी रायफल हाती आल्यावर एका दिवसात तीस गोळ्या दात-ओठ खाऊन झाडल्या आणि संध्याकाळी वाटलं, जमलं. दोन आठवड्यांनी .२२ घेऊन बसलो तर चाप ओढताना डोळे मिटत होते आणि नळी खाली जात होती. जिचा धक्का जवळजवळ नसतोच, अशी ती रायफल. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात, तसं माझ्या अंगाचं झालं होतं. ते जायला सहा महिने लागले. शरीराला धक्क्याची सवय होत नाही, त्याला धक्का टाळायची सवय होते, आणि ती फार लवकर लागते.

म्हणून आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण दीड मिलिसेकंदही जात नाही. तेवढ्या वेळात ४ किलोची .३७५ फार तर ३ मिलिमीटर मागे सरकते. खांद्याला जो दणका जाणवतो तो गोळी निघून गेल्यानंतरचा. म्हणजे तुमच्या शेवटच्या पाच गोळ्या धक्क्याने भरकटल्या नाहीत. धक्का येणार म्हणून तुम्ही जे आधीच केलंत (खांदा पुढे ढकलणं, मूठ आवळणं, पापणी मिटणं) त्याने भरकटल्या. तेव्हा काम दोन ठिकाणी आहे: अंगावर येणारा धक्का खरोखर कमी करायचा आणि मनाने धरलेली धास्ती सोडवायची. नुसत्या पॅडने पहिलं अर्धवट होईल, दुसरं होणारच नाही.

थोडं गणित करू, कारण त्याने कुठे हात घालायचा ते कळतं. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे १९.४ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर. त्यामागे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दारू, जी वायू होऊन गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडते. दोन्हींचा मिळून संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो. रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला ५.३ मीटर वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा भरते सुमारे ५६ ज्यूल. साडेतीन किलोच्या .३०८ मध्ये हाच आकडा २१ ज्यूलच्या आसपास असतो. म्हणजे तुम्ही एका उडीत अडीचपटीच्या पुढे गेलात. आता तीच .३७५ ५ किलोची करा: ऊर्जा ४५ ज्यूलवर येते. वजन हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, तो कधी बिघडत नाही. सरावापुरतं दस्त्याच्या (खांद्याला लावायच्या लाकडी भागाच्या) पोकळीत वजन भरून घेता येतं. फक्त ते घट्ट बसवा आणि तोल पार मागे जाऊ देऊ नका.

पण हे ५६ ज्यूल दोन माणसांना अगदी वेगवेगळे लागतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा दस्ता असतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक पॅडवर पैसे घालतात आणि दस्त्याची मापं कोणी पाहत नाही.

पहिलं माप लांबीचं, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. आखूड दस्त्यात अंगठा नाकावर येतो आणि स्कोप (रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण) भुवईवर. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर दंडाकडे घसरतो, आणि तिथे मांस कमी, हाड जवळ. तुम्ही आहे त्या दस्त्यावर अडीच सेंटिमीटरचा पॅड नुसता चिकटवलात तर नेमकं हेच होईल. पॅड लावायचा तर तेवढं लाकूड कापून लावावा लागतो. दुसरं, मागच्या टोकाचं क्षेत्रफळ. ११ बाय ३ सेंटिमीटरचा अरुंद दस्ता आणि १३ बाय ४ चा रुंद दस्ता यांत दीडपटीहून जास्त फरक आहे. तोच दणका तेवढ्या जास्त जागेवर पसरतो. जुन्या रायफलींची अरुंद पोलादी पट्टी इतकी का टोचते, ते यातच आलं. तिसरं, दस्ता नळीच्या रेषेपासून किती खाली उतरतो. जितका खाली, तितकं नळीचं तोंड वर उसळतं आणि गालाखालची कड गालफडात घुसते. वेदरबीच्या दस्त्यांची गालाखालची कड पुढच्या बाजूला उतरती असते, म्हणजे रायफल मागे येताना ती गालापासून दूर जाते. तुमची कड मागच्या बाजूला उतरत असेल तर प्रत्येक गोळीला ती गालावर चढत येईल. खांद्यापेक्षा गालावरच्या थपडेनेच माणूस लवकर बिचकतो, हे मी इतरांना शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दस्ता जमला की मग पॅड. मऊ, चांगल्या रबराचा पॅड धक्का थांबण्याचं अंतर आणि वेळ वाढवतो, त्यामुळे कमाल जोर उतरतो. नुसत्या बोटाने दाबून पाहू नका. पूर्ण अंगाचा भार टाकून तो किती दबतो ते पाहा. फार मऊ असेल तर मोठ्या काडतुसाला तो तळाला टेकतो आणि उरलेला धक्का तसाच येतो.

मझल ब्रेकबद्दल माझं मत राखून आहे. ब्रेक फक्त वायूंवर काम करतो, त्यांना बाजूला किंवा मागे वळवतो. तुमच्या .३७५ मध्ये संवेगाचा साधारण तीस टक्के वाटा वायूंचा आहे, म्हणून फरक ठळक जाणवेल. .४५-७० सारख्या, गोळी जड आणि दारू बेताची असलेल्या काडतुसात तो बराच कमी जाणवतो. पण त्या बदल्यात तो सगळा स्फोट तुमच्या आणि शेजारच्या माणसाच्या कानाकडे येतो. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो आणि मोठ्या रायफली ब्रेक नसतानाही १६० च्या घरात जातात. म्हणून ब्रेक असो वा नसो, कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. आणि यात आणखी एक लाभ आहे: ज्याला आपण धक्का म्हणतो त्यातला मोठा भाग आवाज आणि तोंडावर येणारी हवेची लाट असते. दुहेरी कानरक्षण घातल्यावर "आज रायफल मऊ वाटली" असं म्हणणारे मला अनेक भेटले. रायफल तीच होती.

आता बाक. तुमची सगळ्यात मोठी चूक हीच होती, आणि ती जवळपास सगळे करतात. बाकावर वाकून बसलं की कमरेपासून वरचं शरीर अडकतं, मागे जायला जागाच राहत नाही, सगळा धक्का खांद्यात जिरतो. उभं राहून तेच काडतूस झाडा, अर्धं वाटेल. डावा पाय पुढे (डावखुरे असाल तर उलट), वजन पुढच्या पायावर, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि गोळी सुटल्यावर अंगाला मागे झुलू द्या. गवताने वारा घ्यावा तसं. झिरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागते तिथे जुळवायला, बाक लागतोच. तेव्हा आधार उंच करा, जवळजवळ ताठ बसता येईल इतका. दस्ता आणि खांदा यांच्यात जाडसर घडी ठेवा. पालथं पडून .३७५ झाडू नका, त्यात गळ्याजवळचं हाड थेट दस्त्यामागे येतं. शिशाची वजनं लादलेल्या लोखंडी घोडीत रायफल जखडायचाही मोह होईल. रायफलीला मागे सरकायला वावच नसेल तर तो ताण दस्त्याच्या लाकडावर आणि स्कोपच्या माउंटवर जातो, आणि दस्ते तडकतात.

पकडीबद्दल थोडक्यात. दस्ता खोबणीत घट्ट ओढून धरा. सैल धरलेली रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. मागच्या हाताने ओढ, पुढच्या हाताने ताबा. अंगठा दस्त्यावरून पलीकडे न नेता बाजूला ठेवा. मधलं बोट चापाच्या कडीला चिकटू देऊ नका, मोठ्या काडतुसाला ती कडी बोटाची सालं काढते. पुढच्या हाताची बोटं रायफल खांद्याला अडकवायच्या पट्ट्याच्या कडीपासून मागे ठेवा. धोकादायक जनावरांसाठीच्या जड रायफलींना ती कडी दस्त्यावर न लावता पुढे नळीवर लावतात, ती याचसाठी. स्कोप डोळ्यापासून १० सेंटिमीटर दूर राहील असा हवा, आणि वर चढणीला नेम धरताना तो जवळ येतो हे विसरू नका.

धास्तीवरचा उपाय मात्र वेळ मागतो. पहिले पंधरा दिवस .३७५ ला दारूगोळा दाखवूच नका. घरी, रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून, डमी (दारू नसलेलं) काडतूस घालून रोज वीस वेळा चाप ओढा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) हललं का, एवढंच पाहा. (.२२ रिमफायर मात्र कोरी झाडू नका, पिनेने चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) कड खराब होऊ शकते.) मग रेंजवर .२२, भरपूर. मग एक विश्वासू साथीदार घ्या. रायफल त्याने भरायची, कधी खरं काडतूस, कधी डमी, तुम्हाला न सांगता. डमीवर टक् होताना नळी खाली झुकली की धास्ती उघडी पडते, आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं हाच अर्धा उपाय आहे. प्रत्येक काडतूस खरंच आहे असं समजून नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे. साथीदाराला खरं काडतूस भरल्याचं माहीत असताना टक् झालं, तर बोल्ट उघडण्याआधी किमान तीस सेकंद तसंच थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं.

प्रत्येक खऱ्या गोळीनंतर ती सुटताना क्रॉसहेअर कुठे होतं ते मोठ्याने सांगा, दुर्बिणीतून निशाण पाहण्याआधी. सांगता आलं नाही तर डोळे मिटले होते. त्या दिवसाची .३७५ तिथेच थांबवा आणि शेवटच्या दहा गोळ्या .२२ च्या झाडून घरी जा, म्हणजे अंगात शेवटची आठवण चांगली राहील. एका दिवसात मोठ्या काडतुसाच्या दहाच्या वर कधीच नको. सुरुवातीला तीन पुरेत.

स्वतः काडतुसं भरत असाल तर २३५ ग्रेनची हलकी गोळी आणि कमी वेग यांनी धक्का खूप उतरतो. पण छापील तक्त्यातल्या किमान मापाच्या खाली स्वतःच्या अंदाजाने जाऊ नका. सावकाश जळणारी दारू मोठ्या कवचात कमी भरली तर दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो. आणि डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल, खांद्याचा स्नायू फाटलेला असेल किंवा त्या बाजूला पेसमेकर असेल, तर हे सगळं डॉक्टरांना विचारल्यावरच.

सध्या खांद्याचा निळा डाग पूर्ण जाईपर्यंत .३७५ कपाटात राहू द्या. तोवर चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर, मागच्या टोकाची लांबी-रुंदी आणि स्कोपसकट रायफलीचं वजन मोजून इथे लिहा. नेम धरलेल्या स्थितीतला बाजूने काढलेला फोटोही द्या. ते पाहिल्यावर दस्ता कापायचा की नाही, ते मी सांगतो.