फुगे उडवून पोट भरतं का?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या हायर सेकंडरीतल्या मुलांनी हवामानाचा फुगा आकाशात सोडायचं ठरवलंय आणि तो कुठे उतरेल याचं गणित तिच्याकडे आलंय. रात्री अकरापर्यंत ती वाऱ्याचे आकडे घेऊन बसते. केमिस्ट्रीत मात्र १०० पैकी ४१. ‘फुगे उडवून पोट भरतं का? हे बंद करायला सांगू का?’ असं ते विचारतात.

भाऊ, बंद करू नका. तुमची काळजी खरी आहे, पण पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत: ती वाऱ्याचे आकडे घेऊन बसते.

या कामात पेलोडचा, म्हणजे फुग्याला टांगलेल्या उपकरणांचा, थर्माकोलचा डबा बनवणारे असतात, सर्किट जोडणारे असतात, कॅमेऱ्यात रमणारेही असतात. तुमच्या लेकीने सर्वांत किचकट भाग उचललाय. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा तो फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. मग डबा पॅराशूटने खाली येतो. या दोन-अडीच तासांत प्रत्येक थरातला वारा त्याला वेगळीकडे ढकलतो. पावसाळ्यात गोव्यावर खाली वारा समुद्राकडून येतो, तर १४-१५ किलोमीटरवर तोच पूर्वेकडून जोरात वाहतो. आपलं राज्य केवढंसं! एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडे सह्याद्रीचं जंगल. अंदाज चुकला तर डबा गेलाच. सोळाव्या वर्षी हे गणित कोणी आवडीने करत असेल, तर त्या मुलीची दिशा मला स्पष्ट दिसते.

हवामानशास्त्र हा पोट भरणारा व्यवसाय आहे. पणजीत आल्तिनोवर हवामान खात्याची वेधशाळा आहे, तिथूनही असे फुगे सोडले जातात. शिक्षकांकरवी पत्र देऊन मुलांना तिथे एकदा नेता येतं का ते बघा. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, अंटार्क्टिकाच्या मोहिमा तिथून आखल्या जातात. बीएस्सी फिजिक्स करून पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरणशास्त्रात एमएस्सी करता येते. बारावीनंतर थेट जायचं तर आयसर ही विज्ञान शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिरुवनंतपुरमची अंतराळ संस्था आहे.

पण आयसरची प्रवेश परीक्षा असो की अंतराळ संस्थेसाठी लागणारी जेईई, केमिस्ट्री दोन्हीकडे आहे. फुगा सोडला म्हणून कुठेही सीट मिळत नाही. हे तिला स्पष्ट सांगा, आणि रागावून सांगू नका. तिला एक प्रश्न विचारा: गोव्यावर १६-१७ किलोमीटरपर्यंत थंडी वाढत उणे ८० अंशांजवळ जाते, मग त्याच्या वर तापमान पुन्हा चढायला का लागतं? उत्तर ओझोनमध्ये आहे. तो सूर्याची अतिनील किरणं शोषतो, म्हणून तिथली हवा तापते. ही केमिस्ट्रीच आहे. तिचाच फुगा ते मोजून आणणार आहे. आठवड्यातले चार दिवस रात्री एक तास केमिस्ट्री, मग वारा, एवढा करार तिच्याशी करा.

एक गोष्ट मात्र शाळेला तुम्ही जरूर विचारा. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, वर मोपाचा विमानतळ. विमान वाहतुकीच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फुगा सुटता कामा नये. सिलिंडर हेलियमचाच हवा, हायड्रोजन मुलांच्या हाती नको. जीपीएसही तपासायला सांगा, काही साधी उपकरणं १८ किलोमीटरच्या वर आकडे देणं थांबवतात.

आणि फुगा सुटेल त्या दिवशी डबा शोधायला गाडी लागेल. सत्तरी तालुक्याच्या रानात उतरला तर दिवस मोडेल. तुम्ही रजा टाका, गाडी तुम्हीच चालवा, आणि कुठे वळायचं ते तिला सांगू द्या.