अट लिहिताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सैन्यदलाच्या खरेदी विभागात रुजू होताच तू विचारलेस, की पर्यावरणपूरक मालाचा आग्रह नेमका कुठे धरायचा. माझ्या मते तो तांत्रिक अटींच्या कागदावरच धरावा. दर उघडले की पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दरवाल्याला, म्हणजे आपल्या एल-वनला, काम द्यावे लागते. जी अट निविदेत नव्हती, ती नंतर टिपणीत कितीही तळमळीने मांडलीस तरी फाईल हलत नाही.

अट कशी लिहावी, हे मात्र अवघड आहे. १९६७ मध्ये टॉन्किनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर भडकलेल्या आगीत १३४ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर इंधनाच्या आगीसाठी फ्लोरीनयुक्त फेसाचा वापर तेथे सर्वत्र रुळला. तो फेस काम चोख करतो. त्यातून झिरपणारे पाणी पेट्रोलवर पातळ पापुद्र्यासारखे पसरून वाफ दाबून धरते. परंतु ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि जेथे सरावासाठी वर्षानुवर्षे फेस ओतला गेला, अशा अनेक तळांभोवतीचे भूजल त्यांनी दूषित केले. पर्याय रखडण्याचे एक कारण खुद्द अमेरिकी लष्करी मानकात होते. आग किती वेळात विझावी हे त्यात होतेच, पण फेसात फ्लोरीनयुक्त द्रव्य असले पाहिजे, असेही दीर्घकाळ लिहिलेले होते. म्हणजे फ्लोरीनविरहित फेस कितीही सुधारला तरी तो दारातच अडणार. अखेर कायद्याने मुदत घातली आणि जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरीनविरहित फेसाचे स्वतंत्र मानक निघाले, तेही जमिनीवरील वापरापुरते आणि गोड्या पाण्यासाठी. मर्यादा लपवून न ठेवता मानकातच लिहिली, हे मला आवडले. नव्या फेसाला पापुद्र्याचा आधार नसतो, त्यामुळे जवानांना फवारण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. शिवाय जुनी यंत्रणा नीट धुतल्याविना तो भरता येत नाही, आणि त्या धुवणाच्या विल्हेवाटीचा खर्च पुरवठादाराच्या दरपत्रकात कुठेच दिसत नाही. तो तुला अंदाजपत्रकात धरावा लागेल.

माझी चूक याच्या नेमकी उलटी होती. एकदा सुट्या भागांसाठी आम्ही जैवविघटनशील पिशव्या घेतल्या. प्रमाणपत्र होते, वेष्टनावर हिरवे पानही छापलेले होते (त्या पानावर कधी भुलू नकोस). पावसाळ्यानंतर गोदामात गेलो, तर बेअरिंग उचलताच पिशवी बोटांत चुरली आणि ग्रीस पुसल्या गेलेल्या कडेवर तांबूस गंज दिसला. पिशवीने तिचे काम केले होते, फक्त ते आमच्या मांडणीवरच केले. दमट गोदामात ती किती महिने टिकावी, हे मी अटींत लिहिलेच नव्हते. नंतर तेच भाग नव्याने मागवावे लागले, म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली पोलाद वाया गेले.

तेव्हा मसुद्यात घटकाचे नाव घालण्यापूर्वी काम लिही: किती तापमानात, किती ओलाव्यात, किती काळ आणि वापरानंतर परत कोण नेणार. निषिद्ध रसायनांची यादी मात्र नावानिशीच दे, तेथे मोघमपणा नको. चाचणी अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माग आणि नमुना वातानुकूलित खोलीत ठेवू नकोस; जूनमध्ये गोदामाच्या मागच्या, गळक्या कोपऱ्यात ठेव आणि सप्टेंबरअखेर स्वतःच्या हाताने उचलून पाहा.

तुझा,
काका