खाजण आणि खार यांत फरक काय?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, "सासऱ्यांच्या जुन्या कागदात एका तुकड्याला 'खाजण' म्हटलंय, लगतच्याला 'खार'. दोन्ही खाडीकाठचेच. मग दोन शब्द कशाला?"

ताई, त्या दोन शब्दांमध्ये एक बांध आहे.

खाजण ही भरतीच्या ताब्यातली जमीन. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी तिच्यावर चढतं आणि उतरताना बारीक गाळ ठेवून जातं. ओहोटीला ठाणे खाडीच्या काठी उभ्या राहा. तिवराची श्वासमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात, त्यांच्यामधून निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात. पाणी या मुळांत अडखळतं, गाळ तिथेच बसतो आणि खाजण हळूहळू उंचावत जातं. (या झाडांना खारफुटी म्हणायचं. हल्ली जमिनीलाच 'खारफुटी' म्हणतात, ते मला खटकतं.)

खार मात्र माणसाने मिळवलेली. शब्द 'क्षार'वरून आला. आगरी शेतकऱ्यांनी खाजणाला मातीचे बांध घातले, बांधात उघाडी बसवली. उघाडी म्हणजे फळीचं दार: भरतीच्या रेट्याने आपसूक मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. पावसाळ्यात मिठागत खारट माती धुऊन निघते, मग भात. त्यातही खारटपणा सोसणारंच लागतं, जुना राता किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल 1, 2, 3 हे वाण. बांध फुटला आणि वेळीच बांधला नाही, की खार जमिनीचं पुन्हा खाजण होतं. म्हणून कागदावरचा शब्द तो कागद कधीचा आहे त्यावरही अवलंबून असतो, हे ध्यानात ठेवा.

गोव्यात गेलात तर गोंधळाल. तिथे बांध घालून पिकवलेल्या शेतालाच खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस.

उघाडी आपल्याकडून गेलेली नाही, नुसतं नाव बदललं. नवी मुंबईचे बरेच भाग उधाणाच्या पातळीखाली आहेत, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि त्यांच्या तोंडाशी असलेली झडप-दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. वाशी-बेलापूरकडे त्यांना 'होल्डिंग पाँड'च म्हणतात. तुमच्या सासऱ्यांनी मात्र ते दार पाहून 'उघाडी' म्हणून लगेच ओळखलं असतं.