दीड वर्षाचं नर शिंगरू एकटंच वाढलंय, सारखं चावतं आणि अंगावर येतं. शिस्त लागायला सोबतीला कोणता घोडा ठेवू?

दहा-बारा वर्षांचा शांत, खच्ची केलेला घोडा बघा, त्याच्याच वयाचं दुसरं शिंगरू नको, दोघं मिळून नुसती मस्ती करतील. आमच्या तबेल्यात हेच बघितलंय, मोठा घोडा आधी कान मागे पाडतो, मग दात दाखवतो, तरी ऐकलं नाही तरच चावा किंवा लाथ, आणि शिंगरू मान खाली घालून तोंड उघडबंद करायला लागलं की तो लगेच सोडून देतो, हे टायमिंग आपल्याला काही केल्या जमत नाही हो. वयस्क घोडीही छान शिकवते, पण दीड वर्षाच्या नरापासून ती गाभण राहू शकते. पहिले काही दिवस मधे कुंपण ठेवा, मोठ्याच्या मागच्या पायांचे नाल काढून मगच एकत्र सोडा, आणि जागा मोकळी हवी, कोपऱ्यात अडकलं तर पिल्लाला जबर लागतं.