साठ कबर पाहायला जावे का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. विजापूरजवळच्या ‘साठ कबर’ या जागेबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आपण परत येणार नाही असे ज्योतिषाने सांगितल्यामुळे अफझलखानाने मोहिमेवर निघण्यापूर्वी आपल्या सगळ्या बायकांना विहिरीत बुडवून मारले, त्यांना तेथेच पुरले आणि रात्री त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात, असे सांगतात. वर्गातील काही मुलांनी रात्री तेथे जाऊन चित्रीकरण करायचे ठरवले आहे. मला ती जागा पाहायची आहे. पण आत्या म्हणतात की लग्न न झालेल्या मुलीने अशा ठिकाणी पाऊल टाकू नये, आणि वडील म्हणतात की ज्याने तुळजापूर-पंढरपूरला उपद्रव दिला त्याच्या जनानखान्याची थडगी पाहून तुला काय मिळणार? कथा कितपत खरी आहे आणि मी जावे का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : जरूर जा; मात्र दिवसा जा आणि त्या मुलांबरोबर रात्री जाऊ नका. भुताच्या भीतीने मी हे सांगत नाही. अशा पडीक जागेत गवत माजलेले असते, नाग-घोणस असतात, आणि कथेत जिचा उल्लेख येतो तशी जुनी विहीर अंधारात दिसत नाही. जुन्या विहिरींना बहुधा कठडा नसतो, असला तरी ढासळलेला असतो. त्यांच्या कोनाड्यांत पारवे आणि वटवाघळे राहतात. त्यांची फडफड आणि घुमणारा आवाज रात्रीच्या शांततेत कितीतरी मोठा वाटतो. किंकाळ्यांच्या गोष्टी अशाच आवाजांवर पोसल्या जातात, असे मला वाटते. दुसरी बाब म्हणजे, ते दफनस्थान आहे. कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने दफनस्थानात शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमानुसार गुन्हा आहे, आणि थडग्यांवर उभे राहून आरडाओरडा करणाऱ्याला आपला तसा हेतू नव्हता हे पटवून देणे सोपे जाणार नाही.

आता कथेकडे वळतो. नावात ‘साठ’ असले तरी १९१६ साली पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्रेसष्ट थडग्यांची आणि एका उघड्या, रिकाम्या कबरीची नोंद आहे. थडगी एका चौथऱ्यावर ओळीने मांडलेली आहेत. त्यांचा आकार, घडण आणि एकमेकींमधले अंतर सारखे आहे. तेथे गेल्यावर प्रत्येक थडग्याचा माथा नीट पाहा. दख्खनमध्ये पुरुषाच्या थडग्यावर कलमदानासारखा उंचवटा कोरण्याची आणि स्त्रीच्या थडग्याचा माथा पाटीसारखा सपाट ठेवण्याची रीत होती. येथील माथे सपाट आहेत. म्हणजे येथे स्त्रिया पुरल्या आहेत, एवढे आपल्याला दगडच सांगतात आणि त्यासाठी कोणत्याही आख्यायिकेची गरज पडत नाही.

त्यांना कोणी मारले, एकाच वेळी मारले का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. कथा अगदी अलीकडे रचलेली नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी आबे कारे याच्या वृत्तांतातही खानाने मोहिमेआधी जनानखान्यातील स्त्रिया मारवल्याची हकिकत येते, पण तिचे तपशील विजापुरात सांगितल्या जाणाऱ्या कथेशी जुळत नाहीत. शिवाय परक्या प्रवाशाने बाजारात जे ऐकले ते लिहिले, हे लक्षात ठेवूनच तिचे वजन ठरवावे लागते. थडग्यांची सारखी घडण कथेच्या बाजूने पुरावा म्हणून दाखवली जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. एका घडणीचे दगड एका वेळी, एका कारागिराकडून बसवून घेतलेले असू शकतात. म्हणून त्याखालची माणसे एकाच दिवशी गेली, असे होत नाही. मोठ्या सरदाराच्या कुटुंबातील स्त्रियांची वर्षानुवर्षांची दफनभूमी नंतर एकदम बांधून काढलेली असणेही शक्य आहे. माझे मत विचाराल तर, हत्येची कथा शक्य आहे, सिद्ध झालेली नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने आपल्या वहीत ती याच शब्दांत लिहावी.

वडिलांचा आक्षेप मी हलका मानत नाही. बखरींनी तुळजापूर आणि पंढरपूरच्या उपद्रवाची आठवण जपली आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत ती सांगितली जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, तेथेच त्याला पुरले आणि त्याने विजापूरजवळ स्वतःसाठी बांधवलेला मकबरा रिकामा राहिला. पण त्या चौथऱ्याखाली खान नाही. तेथे त्या स्त्रिया आहेत, आणि कथा खरी धरली तर त्या मोहिमेपायी सर्वांत आधी मेलेली माणसे त्याच आहेत. त्यांच्यातील एकीचेही नाव कथेत येत नाही. आपल्या सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या लग्नात आदिलशाहीला आंदण म्हणून गेला, म्हणून ती राजकन्या नावानिशी आपल्याला माहीत आहे. या स्त्रियांचा असा कोणताही व्यवहार कागदावर चढला नाही. त्यांच्या वाट्याला फक्त आकडा आला आणि पुढे त्या आकड्याचे भूत झाले. रात्री कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांबद्दल मला राग आहे तो यासाठी. ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्यांना मेल्यावर करमणुकीसाठी किंचाळायला लावणे मला क्रूर वाटते.

आत्यांना दुखवू नका. त्यांच्या सांगण्यामागे काळजी आहे. त्यांनाच बरोबर न्या. बायकांच्या थडग्यांपाशी बायकांनी जाऊ नये, या म्हणण्याला मला कोणताही आधार दिसत नाही. सोलापूरहून टाकळीजवळ भीमा ओलांडून विजापूर साधारण शंभर किलोमीटर आहे, एस.टी.ने किंवा होटगीवरून जाणाऱ्या रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. साठ कबर शहराच्या पश्चिमेला तोरवीच्या बाजूला आहे. रिक्षावाल्याशी भाडे आधी ठरवा आणि त्याला थांबवून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, कारण पावसाळ्यानंतर लगेच गवतामुळे काही दिसत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांतले ऊन तर तुम्हाला सांगायला नको. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरची घडण स्पष्ट दिसते. पायांत बूट असू द्या, काठी आपटत चाला, ओळींच्या मधून फिरा, थडग्यावर पाय देऊ नका आणि बसूही नका. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर न्या, पण ती चौथऱ्यावर सोडू नका. थडगी स्वतः मोजा, एका थडग्याची लांबी-रुंदी टेपने घ्या, रिकामी कबर कोणत्या ओळीत आहे ते कागदावर काढा. दगडावर अक्षरे दिसल्यासारखी वाटली तर ती उठून दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पाणी लावू नका; फोटो बाजूने उजेड घेऊन काढा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागातील एका जुन्या दफनभूमीत झाडोरा माजला आहे आणि लोक तिला ‘झपाटलेली’ म्हणून टाळतात. मुलांना घेऊन एका रविवारी ती स्वच्छ करावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : विचार उत्तम आहे, पण आधी ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे, म्हणजे चर्च, वक्फ संस्था, महापालिका किंवा पुरातत्त्व खाते, त्यांची लेखी परवानगी घ्या. त्यानंतर मुलांकडून फक्त गवत, काचा आणि प्लॅस्टिक काढून घ्या; तेही हातमोजे घालून आणि मोठ्यांनी काठीने जागा आपटून पाहिल्यावर. सांध्यांत उगवलेला पिंपळ किंवा वड उपटू नका, कारण मुळांबरोबर दगडही निसटतो. तो बुंध्याशी कापा आणि पुढचे जाणकारांवर सोपवा. झाडोरा पेटवून देऊ नका, कारण आगीने दगड तडकतो. कलंडलेला शिलालेख उचलून सिमेंटने बसवण्याचा मोह टाळा. जुने बांधकाम चुन्याचे असते आणि सिमेंट त्यात ओल कोंडून ठेवते. काम सुरू करण्यापूर्वी वाचता येणारे प्रत्येक नाव आणि सन मुलांकडून वहीत उतरवून घ्या, व त्याची एक प्रत परवानगी देणाऱ्या कार्यालयात जमा करा.